समोरच्या पंपावरचा टँकर

१ डिसेंबर, सकाळचे सहा. पंपाच्या फलकावर पेट्रोलचा नवा भाव लागला: त्रेसष्ट रुपये बारा पैसे. दीड महिन्यात ओळीने चौथ्यांदा भाव उतरला होता. फलकावरचे पत्र्याचे आकडे काढून दुसरे अडकवायचं काम कुणालाही सांगता आलं असतं, पण गेली एकतीस वर्षं ते लिटरकाका स्वतः करत. शिडीवर चढायचे, आकडे बसवायचे, खाली उतरून चार पावलं मागे जायचे आणि मान तिरकी करून आकडा सरळ बसलाय की नाही ते बघायचे. मग एक नजर रस्त्यापलीकडे टाकायचे. तिकडच्या पंपावर दिव्यांचा फलक होता, तिथे भाव बटण दाबून बदलायचा. तो पंप त्यांच्या साडूचा होता.

लिटरकाका हे नाव पंपावरच्या माणसांनी दिलेलं. काका पंपाचे व्यवस्थापक, पण त्यांची खरी ओळख वेगळीच होती. जगातली कुठलीही वस्तू ते पेट्रोलच्या लिटरात मोजत. नोकरीला लागले तेव्हा पेट्रोल नऊ रुपये ऐंशी पैसे होतं आणि पगार साडेचारशे, म्हणजे शेहेचाळीस लिटर. लग्नातले बूट आठ लिटरचे. मुलीच्या शाळेची पहिली फी तीन लिटर.

"काय दिवस होते!" ते ऐकेल त्याला सांगत. "दोन लिटरच्या पैशात चौघं पोटभर जेवायचो आणि परतीच्या बसचे पैसे उरायचे."

"स्वस्त होतं, स्वस्त होतं म्हणता," बायको म्हणायची, "पण तेव्हा आपण घेतलं काय? आठ लिटरचे बूट. तेही चावले."

आजचा आपला पगार किती लिटर होतो, हा हिशेब काकांनी कधी मांडला नाही. मांडला असता तर दोनशे तीसच्या आसपास निघाला असता, आणि मग जुन्या दिवसांबद्दल बोलायला तोंड राहिलं नसतं.

पण काकांना खरी टोचणी होती ती एकाच वस्तूची, आणि तिची किंमत ते झोपेतही सांगू शकले असते: दहा हजार लिटर. एकोणीस वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडे एक खड्डा होता. लोक त्यात घरं पाडल्यावरचा राडारोडा आणून टाकत. खड्ड्याचा मालक एक दिवस पंपावर आला आणि काकांना म्हणाला, "दोन लाख नव्वद हजार द्या आणि जागा घेऊन टाका. तुम्ही ओळखीचे आहात म्हणून आधी तुम्हाला विचारतोय." पेट्रोल तेव्हा एकोणतीस रुपये होतं. काकांनी मनात भागाकार केला आणि त्यांना हसूच आलं. राडारोड्याच्या खड्ड्याला दहा हजार लिटर! "भाव उतरू द्या, मग बघू," ते म्हणाले.

साडू तेव्हा त्याच पंपावर काकांच्या हाताखाली नोझल धरून उभा असायचा. त्याने हे बोलणं ऐकलं. बायकोचे दागिने विकले, बँकेचं कर्ज काढलं, तेल कंपनीच्या कचेरीचे उंबरठे झिजवले, आणि दोन वर्षांत खड्ड्याच्या जागी पंप उभा केला. आज त्या जागेला साठ लाख मिळतील असं लोक म्हणतात. म्हणजे पंचाण्णव हजार लिटर. काकांनी ही संख्या काढली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यात आणखी जळजळ अशी, की हा माणूस घरात आणला तो काकांनीच. धाकट्या मेहुणीसाठी स्थळ बघत होते, तेव्हा "आमच्या पंपावर एक कष्टाळू पोरगा आहे" असं सासऱ्यांना सांगणारे तेच. पूर्वी दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. समोरचा पंप सुरू झाला त्या दिवसापासून काका साडूला "अहो" म्हणू लागले. साडू मात्र अजूनही "अरे" वरच होता. एवढा पैसा येऊनही याला फरक पडत नाही, याचाही काकांना राग यायचा.

काकांच्या केबिनला तिन्ही बाजूंनी काचा. खुर्ची मात्र त्यांनी अशी लावली होती की समोरचा पंप पूर्ण दिसावा. टेबलाच्या खणात एक लाल वही होती. साडूकडे टँकर कधी आला, किती वेळ उभा राहिला, दुपारी गाड्यांची रांग किती लांब होती, सगळं त्यात तारीखवार लिहिलेलं. साडूच्या धंद्याची इतकी खडान्‌खडा माहिती साडूकडेसुद्धा नसेल.

ही वही निव्वळ पोटदुखीची नव्हती, तिला धंद्याचं कारणही होतं. भाव महिन्यातून दोनदा बदलायचा, एक तारखेला आणि सोळा तारखेला. भाव उतरला की गाडीवाले खूश होतात, पण पंपवाल्याच्या पोटात गोळा येतो. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल त्याने कालच्या भावाने घेतलेलं असतं आणि विकायचं आजच्या भावाने. म्हणून भाव पडणार असेल तर टाकी जवळजवळ रिकामी ठेवायची, चढणार असेल तर काठोकाठ भरायची. पंप चालवण्यातलं कसब म्हणाल तर एवढंच. भाव कुठे जाणार हे नक्की कुणालाच माहीत नसतं, म्हणून प्रत्येक पंपवाला दुसऱ्याच्या टँकरवर डोळा ठेवतो. समोरच्याने टँकर घेतला म्हणजे त्याला काहीतरी कळलंय, असं समजायचं.

आणि साडूचा अंदाज चुकत नसे. चारही वेळा भाव पडला तेव्हा त्याची टाकी तळाला होती. काकांनीही साठा बेताचाच ठेवला होता. चारही वेळचा मिळून तोटा चौदा हजार तीनशे पन्नास. कुणीही म्हटलं असतं, शाब्बास. पण साडूचा त्याहून कमी असणार, या विचाराने काकांना चहा गोड लागेना.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालकीणबाई पंपावर आल्या. मालक गेल्यापासून सहा वर्षं त्या महिन्यातून एकदा येऊन कागद बघत. यावेळी कागद न बघताच बसल्या.

"काका, आता मला झेपत नाही. मी मुलीकडे राहायला जाणार. एक जानेवारीपासून पंप कुणाला तरी चालवायला देऊन मोकळी होते. मला महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, वरचं सगळं चालवणाऱ्याचं."

काका खुर्चीत पुढे सरकून बसले. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसलेला माणूस तो.

"पहिला हक्क तुमचा," बाई म्हणाल्या. "पण भाव असे कोसळतायत, यात पंप सांभाळता येतो का ते मला आकड्यांत बघायचंय. ऑक्टोबर ते डिसेंबर, साठ्यातला तोटा साठ हजारांच्या आत राहिला तर पंप तुम्हाला. नाहीतर समोरच्यांनी विचारून ठेवलंच आहे."

"समोरच्यांनी?"

"तुमचे साडू हो. भला माणूस आहे."

काकांनी मान डोलावली. बाई गेल्यावर त्यांनी लाल वही काढली आणि त्या दिवसाच्या पानावर नुसतं "विचारून ठेवलंय" एवढंच लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

आता डिसेंबरात भाव बदलण्याची एकच तारीख उरली होती, सोळा. ती नीट पार पडली की झालं. घरी काकांनी बायकोला सांगितलं, "आता आपण नोकर नाही."

"आधी पंप हातात येऊ दे," ती म्हणाली, पण त्या दिवशी तिने आपल्या बहिणीला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा मोठ्याने हसली. काकांना ते ऐकून बरं वाटलं.

चौदा तारखेला संध्याकाळी साडूचा फोन आला.

"अरे, उद्या टँकर मागवू नकोस. सोळाला चांगला चार-साडेचार रुपयांनी पडतोय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डेपोतल्या माणसाने. खात्रीचं आहे. टाकीत किती आहे तुझ्या?"

"आहे बेताचं," काका म्हणाले. स्वतःच्या टाकीतला आकडा सख्ख्या भावाला सांगायचा नाही, तर साडूला कोण सांगतो?

फोन ठेवला आणि विचारचक्र सुरू झालं. ज्याला माझा पंप हवाय तोच मला सल्ला देतो? पण सल्ला बरोबरही वाटत होता. पंधराला सकाळी काकांनी टाकीत मोजपट्टी सोडली. चार हजार सहाशे लिटर. दिवसभर पुरून उरलं असतं. टँकर नको, असं त्यांनी ठरवलं आणि ते चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले.

दहाच्या सुमारास समोर टँकर येऊन उभा राहिला.

काका कप तसाच धरून उठले. टँकरचा जाड पाइप साडूच्या टाकीच्या तोंडात घातलेला होता. साडू स्वतः बाजूला उभा राहून हातवारे करत होता. मला म्हणतो घेऊ नकोस, आणि स्वतः भरतोय! थोड्या वेळाने तर कमालच झाली. साडूच्या माणसाने पेट्रोलच्या मशीनपुढे दोरी बांधली आणि गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. त्या गाड्या वळून काकांच्या पंपावर यायला लागल्या.

"काका, आज आपल्याकडे जत्राच!" नोझल धरलेली बाई ओरडली. तिला सगळे शून्याबाई म्हणत, कारण प्रत्येक गाडीवाल्याला ती "शून्य बघा, साहेब, शून्य!" असं ठणकावून सांगे.

काकांच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. टाकी भरायची आणि विक्री बंद ठेवायची, म्हणजे काय? म्हणजे उद्या भाव चढणार! आज विकलं तर नुकसान म्हणून दोरी बांधली! काकांचा तिळपापड झाला. डेपोतला माणूस म्हणे, खात्रीचं म्हणे. मला रिकाम्या टाकीवर बसवून उद्या दुप्पट कमवणार, आणि वर मालकीणबाईंना सांगणार, बघा, तुमच्या काकांना काही कळत नाही.

त्यांनी डेपोला फोन लावला. "बारा हजार लिटरचा पाठवा. आजच. हो, आजच म्हटलं ना!"

आवाज इतका चढला होता की शून्याबाईने काचेतून वळून पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण काकांनी हाताने तिला गप्प केलं.

टँकर चारला आला. काकांनी उभं राहून शेवटचा थेंब उतरवून घेतला आणि मनाशी म्हणाले, आता बघू. दुसराही मागवावा असं त्यांच्या मनात येऊन गेलं. टाकीत तेवढी जागा नव्हती म्हणून वाचले.

सोळाला सकाळी सहाला नवा भाव आला: अठ्ठावन्न रुपये बहात्तर पैसे. लिटरमागे चार रुपये चाळीस पैशांनी उतरला होता.

काका शिडीवर चढले. आकडे अडकवले, पण आज मागे जाऊन मान तिरकी केली नाही. खाली उतरून मोजपट्टी सोडली. चौदा हजार लिटर. गुणाकार करायला त्यांना कागद लागला नाही. एकसष्ट हजार सहाशे. म्हणजे जवळजवळ बारा दिवसांचं कमिशन एका सकाळीत बुडालं, आणि मालकीणबाईंची साठ हजारांची मर्यादा या एका आकड्यातच ओलांडून गेली.

समोर अजून दोरी होती. साडूची माणसं टाकीच्या तोंडाशी वाकून काहीतरी बघत होती.

"त्यांची टाकी कधी दुरुस्त होईल कोण जाणे," शून्याबाई म्हणाली.

"दुरुस्त?"

"टाकीत पाणी शिरलंय ना! परवा संध्याकाळी मोजपट्टीला पाण्याची खूण लागली. काल तो टँकर सगळं पेट्रोल उपसून घेऊन गेला. आता टाकी उघडून बघतायत कुठे फुटलीय ते."

काकांनी समोरच्या टाकीकडे बोट केलं. "उपसून? तो टँकर भरायला आला नव्हता?"

"काका, मोटार घुरघुरत होती की! भरताना कधी मोटार लागते का? मी सुटे पैसे आणायला गेले होते तिकडे, समोर उभी होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला येत होते, तर तुम्ही हातानेच गप्प केलंत." ती पुढच्या गाडीकडे वळली. "शून्य बघा, साहेब, शून्य!"

खरंच होतं ते. भरताना पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं, मोटार लागते ती उपसताना. एकतीस वर्षांत काकांनी हजारांवर टँकर उतरवून घेतले होते. पण त्या दिवशी काचेच्या आत बसून ते नुसते बघत होते, त्यांनी कान दिलेच नव्हते.

काकांना स्वतःची चीड यायला हवी होती, आणि आलीही. पण थोडा वेळ. मग त्यांच्या मनात आलं ते हेच, की भाव पडायच्या आदल्या दिवशी या माणसाची टाकी फुटली. टाकीत एक थेंबही नव्हता, म्हणून त्याला एक पैशाचा तोटा नाही. विम्याने टाकीचे पैसेही मिळतील. फुटायची तर माझी का फुटली नाही? या माणसाचं नुकसानसुद्धा मुहूर्त बघून होतं.

दुपारी त्यांनी मालकीणबाईंना फोन करून आकडा सांगितला. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. बाईंनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, "काका, टँकर का मागवलात?"

"अंदाज चुकला."

"सकाळी तुमच्या साडूंचा फोन आला होता. म्हणाले, चूक माझी आहे, माझा टँकर बघून तो फसला असणार, मी त्याला टाकीचं सांगायला हवं होतं, पंप त्यालाच द्या. पंपाचं विचारून ठेवलं होतं ना त्यांनी, तेव्हाही असंच म्हणाले होते, काकांनी नाही घेतला तर मी आहे. मी तुम्हाला ते पूर्ण सांगितलं नाही, एवढी माझी चूक झाली."

"मग?"

"मग काही नाही, काका. मी शब्द दिला होता, तो आकड्यांवर दिला होता. दुसऱ्याचा टँकर बघून आपला मागवणाऱ्याच्या हातात पंप देऊन मला मुलीकडे झोप लागायची नाही."

संध्याकाळी साडू आणि मेहुणी घरी आले. मेहुणी आत बहिणीजवळ जाऊन बसली. बाहेर दोन पुरुष समोरासमोर.

"अरे, फोन नाही का करायचा? एक फोन," साडू म्हणाला.

"तुम्ही चौदालाच का नाही सांगितलंत टाकी फुटली म्हणून?"

"पेट्रोलमध्ये पाणी निघालं हे कुणी आपण होऊन सांगतं का? गिऱ्हाईक परत येत नाही. तुला सांगणार होतो, मग वाटलं, तू..." साडू अडखळला.

"मी काय?"

"तू कुणाला तरी सांगशील."

काकांनी मनात पडताळून पाहिलं. सांगितलंच असतं. पहिल्या गिऱ्हाइकालाच सांगितलं असतं, आणि वहीतही लिहिलं असतं.

"पंप मी घेत नाही म्हणून सांगतो बाईंना," साडू म्हणाला.

"घ्या. नाहीतर तिसराच कोणी घेईल."

"मग तू खुर्चीतच राहा. पगार सोळा हजार करतो. तुझ्याशिवाय तो पंप मला चालवता येणार नाही, खरंच सांगतो."

तो खरंच सांगत होता, हे काकांना दिसत होतं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. साडू लबाड निघाला असता तर आयुष्य किती सोपं झालं असतं! दागिने विकून जागा घेतली, ती स्वस्तात. टाकी फुटली, तीही स्वस्तात पार पडली. चांगुलपणासुद्धा या माणसाला स्वस्तात मिळाला होता. आपल्याला मात्र साधं "बरं" म्हणायचं तरी केवढ्याला पडत होतं.

आतून बायको म्हणाली, "अहो, बरं म्हणा. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीयत तुमच्या."

"बरं," काका म्हणाले.

एकतीस डिसेंबरला दुपारी पंप बंद ठेवून हस्तांतराची मोजणी झाली. मशीनची रीडिंग, टाकीची मोजपट्टी, गल्ला, सगळं जुळलं. एका पैशाचा फरक नाही. मालकीणबाईंनी सह्या केल्या, साडूने केल्या, साक्षीदार म्हणून काकांनी केली. मोजणी झालेल्या टाकीतून आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही काढायचं नव्हतं, आणि घरी निघताना काकांच्या स्कूटरचा काटा लाल रेघेखाली होता.

ते स्कूटर ढकलत रस्ता ओलांडून गेले. दुरुस्त झालेल्या टाकीवर साडूचा पंप पुन्हा सुरू होता. तिथल्या माणसाने त्यांना ओळखलं.

"या, काका! किती टाकू?"

"दोन लिटर. शून्य दाखव."

त्याने हसून शून्य दाखवलं. दोन लिटर झाले, तेव्हा काकांनी पाकीट काढलं. माणसाने हात मागे घेतले.

"मालकांनी सांगितलंय, तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. घरचे आहात."

"घरचा-बिरचा काही नाही. घे."

"माझी नोकरी जाईल, काका."

"मग लिही. वही आण, माझ्यासमोर लिही. आजच्या भावाने लिही, उद्याच्या नाही."

माणसाने आत जाऊन उधारीची वही आणली. काकांनी तारीख, लिटर आणि रक्कम नीट लिहिलीय का ते वाकून वाचलं, आणि मगच किक मारली.

दुसऱ्या दिवशी भाव आणखी एक रुपया सदुसष्ट पैशांनी उतरला. काका त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीत बसतात. पगार सोळा हजार झाला आहे. साडूच्या वहीत त्यांच्या नावावर दोन लिटरचे एकशे सतरा रुपये चव्वेचाळीस पैसे आहेत. ते अजून द्यायचे आहेत.